मेसेजिंग मिडलवेअर सुरू का होत नाही? युजर-ग्रुपच्या नोंदींचे कोडे

एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे जातात, दुकानात झालेली विक्री गोदामाच्या साठ्यातून वजा होते, विम्याचा हप्ता भरल्याची पावती ग्राहकाच्या हाती पडते. अशा प्रत्येक व्यवहारामागे निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या लोकांनी घडविलेल्या संगणकप्रणाली एकमेकींना निरोप पाठवीत असतात. हे निरोप स्वीकारणे, सांभाळून ठेवणे आणि योग्य त्या प्रणालीच्या हाती सोपविणे हे काम ज्या सॉफ्टवेअरकडे असते, त्याला 'मेसेजिंग मिडलवेअर' असे म्हणतात. ग्राहकाला ते कधीही दिसत नाही. ते बंद पडले म्हणजे मात्र 'सर्व्हर डाऊन आहे' एवढेच उत्तर खिडकीपलीकडून ऐकू येते.

या सॉफ्टवेअरच्या बिघाडांत एक प्रकार विशेष चकविणारा आहे. डिस्क शाबूत असते, नेटवर्क चालू असते, सॉफ्टवेअरची एकही फाइल हरविलेली नसते. तरीही सुरू करण्याची आज्ञा दिली की यंत्रणा नकार देते. कालपर्यंत बिनतक्रार चालणारा सर्व्हर साध्या रीस्टार्टनंतर उठतच नाही. अशा वेळी दोष पुष्कळदा सॉफ्टवेअरमध्ये नसून ऑपरेटिंग सिस्टिममधील युजर आणि ग्रुप यांच्या नोंदींत असतो. दोष लहान असतो, दुरुस्तीही बहुधा एका ओळीची असते. खरा धोका असतो तो घाईत केलेल्या भलत्याच दुरुस्तीचा.

निरोपांचे टपालघर

मिडलवेअरचे काम टपालघरासारखे चालते. पत्र पेटीत टाकणाऱ्याला पत्र घेणारा घरी आहे की नाही याची चिंता करावी लागत नाही. त्याचप्रमाणे निरोप पाठविणारी प्रणाली तो एका रांगेत, म्हणजेच 'क्यू'मध्ये ठेवते आणि आपल्या कामाला लागते. घेणारी प्रणाली सवडीने तो उचलते. मध्यंतरी वीज गेली तरी डिस्कवर लिहून ठेवलेला निरोप नष्ट होत नाही. आयबीएमच्या परिभाषेत अशा रांगा सांभाळणाऱ्या व्यवस्थापकाला 'क्यू मॅनेजर' म्हणतात. इतरत्र 'ब्रोकर' हा शब्द रूढ आहे.

आयबीएमने १९९३ मध्ये 'एमक्यूसिरीज' या नावाने हे उत्पादन बाजारात आणले. २००२ मध्ये त्याचे 'वेबस्फिअर एमक्यू' झाले आणि २०१४ पासून ते 'आयबीएम एमक्यू' या नावाने ओळखले जाते. त्याआधी १९८० च्या दशकात मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे यांच्या टेक्नेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स या कंपनीने न्यूयॉर्कच्या वित्तबाजारासाठी 'इन्फर्मेशन बस' ही कल्पना प्रत्यक्षात आणली होती. १९९७ मध्ये रणदिवे यांनी टिबको सॉफ्टवेअरची स्थापना केली. २००७ मध्ये 'रॅबिटएमक्यू' आले. २०११ मध्ये लिंक्डइनने 'काफ्का' हे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले केले. त्याच्या तीन निर्मात्यांपैकी नेहा नारखेडे या पुणे इन्स्टिट्यूट ऑफ कॉम्प्युटर टेक्नॉलॉजीच्या माजी विद्यार्थिनी होत.

या सर्व उत्पादनांची अंतर्गत रचना भिन्न आहे. परंतु एका बाबतीत ती सारखी वागतात. प्रत्येकाला आपले असे एक युजरनाव आणि बहुधा एक ग्रुप लागतो, आणि आपल्या फाइली त्याच नावावर असाव्यात अशी त्यांची अपेक्षा असते.

ग्रुप म्हणजे काय?

युनिक्स आणि त्याच्या वळणावर घडलेल्या लिनक्समध्ये प्रत्येक युजरला एक क्रमांक असतो आणि प्रत्येक ग्रुपलाही. माणसे नावाने ओळखतात, यंत्र क्रमांकाने. फाइलवर मालकाचा क्रमांक, ग्रुपचा क्रमांक आणि तीन प्रकारच्या परवानग्या लिहिलेल्या असतात: मालकासाठी, ग्रुपमधील सभासदांसाठी आणि उरलेल्या सर्वांसाठी. सुरुवातीच्या युनिक्समध्ये एका वेळी एकाच ग्रुपचे सभासद राहता येत असे. एका युजरला एकाच वेळी अनेक ग्रुपांचे सभासदत्व देण्याची सोय १९८३ मध्ये बर्कली विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी या आवृत्तीत आली. तेव्हापासून 'प्राथमिक ग्रुप' आणि 'पूरक ग्रुप' असा भेद पडला. आजच्या अनेक अडचणींचे मूळ या भेदात आहे.

दुसरी कल्पना 'सेट-युजर-आयडी' ही होय. एखादी आज्ञावली कोणीही चालविली तरी तिला चालविणाऱ्याचे नव्हे, तर तिच्या मालकाचे अधिकार मिळावेत, अशी ही युक्ती आहे. युनिक्सचे एक जनक डेनिस रिची यांना तिचे अमेरिकन पेटंट १९७९ मध्ये मिळाले. ग्रुपच्या बाबतीत हीच सोय 'सेट-ग्रुप-आयडी' या नावाने आहे. मेसेजिंग मिडलवेअरमध्ये या दोन्ही युक्त्यांचा सढळ वापर होतो.

'एमक्यूएम' या नावाचे महत्त्व

आयबीएम एमक्यूचे उदाहरण घेतले म्हणजे हा विषय नीट उलगडतो. लिनक्स किंवा युनिक्सवर हे सॉफ्टवेअर बसविताना 'एमक्यूएम' या नावाचा युजर आणि त्याच नावाचा ग्रुप लागतो. युजरचा प्राथमिक ग्रुप हाच असावा लागतो. सॉफ्टवेअर 'ऑप्ट' या निर्देशिकेखालील 'एमक्यूएम'मध्ये बसते. निरोप, लॉग आणि दोषनोंदी 'व्हार' या निर्देशिकेखालील 'एमक्यूएम'मध्ये राहतात. या साऱ्यांची मालकी त्याच युजर-ग्रुपकडे असते.

क्यू मॅनेजर सुरू करण्याची आज्ञा 'एसटीआरएमक्यूएम' ही आहे. तिच्यावर वर सांगितलेल्या दोन्ही खुणा असतात. म्हणजे ती चालते एमक्यूएमच्या अधिकाराने. मात्र आपल्याला बोलाविणारा कोण आहे हे ती आधी तपासते. बोलाविणारा एमक्यूएम ग्रुपचा सभासद नसेल, तर 'एएमक्यू ७०७७' या क्रमांकाचा संदेश येतो. विनंती केलेली क्रिया करण्याचा अधिकार आपणास नाही, एवढाच त्याचा आशय. क्यू मॅनेजरमध्ये काही बिघडले आहे असे तो सांगत नाही. तो फक्त ओळख पटली नाही असे सांगतो. अननुभवी तंत्रज्ञ नेमके हेच विसरतो आणि फाइली दुरुस्त करायला बसतो.

याच्याशी २०३५ या कारणक्रमांकाची गल्लत करू नये. तोही अधिकार नसल्याचाच क्रमांक आहे. परंतु तो क्यू मॅनेजर चालू झाल्यानंतर एखादी प्रणाली त्याला जोडू पाहते किंवा एखादी रांग उघडू पाहते तेव्हा येतो. ७०७७ म्हणजे टपालघराचे कुलूप उघडणाऱ्यालाच अडविले; २०३५ म्हणजे टपालघर उघडे आहे, पण आलेल्या माणसाला खिडकीवरून परत पाठविले. दोन्हींची चौकशी वेगळ्या ठिकाणी करावी लागते.

चुका कोठे होतात?

पहिली आणि सर्वांत साधी चूक म्हणजे आज्ञा देणारा युजर ग्रुपमध्ये नसणे. यात 'रूट' या सर्वाधिकारी युजरचाही समावेश होऊ शकतो. ऑपरेटिंग सिस्टिमचा सर्वाधिकारी हा मिडलवेअरचा प्रशासक असतोच असे नाही. प्रशासनाचे काम एमक्यूएम या ओळखीने किंवा त्या ग्रुपच्या सभासदाने करावे, अशी व्यवस्था आहे.

दुसरी चूक काळाची आहे. युजरला ग्रुपमध्ये घेतले, तरी तो आधीच लॉग-इन झालेला असेल तर त्या सत्राला नव्या सभासदत्वाचा पत्ता नसतो. ग्रुपांची यादी लॉग-इनच्या क्षणी तयार होते आणि त्या सत्रातून निघणाऱ्या प्रत्येक प्रक्रियेला तीच वारशाने मिळते. म्हणून 'नोंद तर केली, तरी तोच एरर' अशी तक्रार येते. यावर उपाय म्हणजे लॉग-आउट होऊन पुन्हा लॉग-इन करणे. सर्व्हरवर दीर्घकाळ चालणाऱ्या सेवेच्या बाबतीत ती सेवाच बंद करून पुन्हा चालू करावी लागते.

तिसरी चूक सर्वांत जास्त नुकसान करते, कारण ती केल्यावर लगेच दिसत नाही. लिनक्समध्ये युजरचे पूरक ग्रुप बदलण्यासाठी 'युजरमॉड' ही आज्ञा मोठ्या 'जी' या पर्यायासह देतात. तिच्यासोबत 'भर घाला' असा अर्थ असलेला लहान 'ए' हा पर्याय दिला नाही, तर नवा ग्रुप जुन्या यादीत मिळविला जात नाही. जुनी यादी पुसून त्या जागी नवा ग्रुप बसतो. एखाद्या खात्याला बॅकअपच्या ग्रुपमध्ये घ्यायचे म्हणून ही आज्ञा दिली जाते आणि त्याचे एमक्यूएमचे सभासदत्व नकळत जाते. चालू असलेल्या प्रक्रिया जुन्या यादीवर चालतच राहतात. कित्येक आठवड्यांनी देखभालीसाठी सर्व्हर बंद करून चालू केला की मगच दोष प्रकट होतो. तोवर ती आज्ञा कोणी आणि का दिली होती याची आठवणही कोणाला राहिलेली नसते.

चौथे कारण नोंदवहीचे. मोठ्या संस्थांत युजर आणि ग्रुप यांची नोंद प्रत्येक सर्व्हरवर न ठेवता एलडीएपी किंवा अॅक्टिव्ह डिरेक्टरीसारख्या मध्यवर्ती नोंदवहीत ठेवतात. एकाच नावाचा ग्रुप सर्व्हरवरही असेल आणि मध्यवर्ती नोंदवहीतही असेल, तर दोघांचे क्रमांक वेगळे असू शकतात. कोणती नोंद आधी वाचायची हे दुसऱ्याच एका फाइलमध्ये ठरलेले असते. शिवाय सर्व्हर चालू होताना मिडलवेअर आधी जागे झाले आणि नोंदवहीशी संपर्क नंतर झाला, तर काही क्षण तो ग्रुप अस्तित्वातच नसतो. हातांनी चालू केले की चालते, आपोआप चालू होताना मात्र अडते, या कोड्याचे उत्तर अनेकदा येथे मिळते.

पाचवे कारण दोन सर्व्हरांमधील तफावतीचे. एक बंद पडला तर दुसऱ्याने काम उचलावे, यासाठी एकच क्यू मॅनेजर दोन संगणकांवर सज्ज ठेवण्याची सोय एमक्यूच्या ७.०.१ या आवृत्तीपासून, म्हणजे २००९ पासून आहे. दोघांची डिस्क सामायिक असते. डिस्कवर नाव नव्हे, क्रमांक लिहिला जातो. पहिल्या सर्व्हरवर एमक्यूएमचा क्रमांक एक आणि दुसऱ्यावर भलताच असला, तर दुसरा सर्व्हर आपल्याच फाइली परक्या समजतो. गंमत अशी की संकटकाळी कामाला यावी म्हणून केलेली तजवीज नेमकी संकटकाळीच उघडी पडते. दोन्ही संगणकांवर युजरचा आणि ग्रुपचा क्रमांक तोच असावा, ही अट म्हणूनच आहे.

सामायिक डिस्क एनएफएस पद्धतीची असेल तर आणखी एक मर्यादा आड येते. तिच्या पारंपरिक ओळखपद्धतीत एका विनंतीसोबत जास्तीत जास्त १६ पूरक ग्रुप पाठविता येतात. सतराव्या ग्रुपचे सभासदत्व नोंदवहीत बरोबर असते, पण डिस्कपर्यंत पोहोचत नाही.

सहावे कारण खुणा पुसल्या जाण्याचे. सॉफ्टवेअरच्या निर्देशिकेची मालकी बदलण्यासाठी कोणी 'सीएचओन' ही आज्ञा सरसकट चालविली, तर लिनक्स सुरक्षिततेसाठी आज्ञावलींवरील सेट-युजर-आयडी आणि सेट-ग्रुप-आयडी या खुणा काढून टाकते. मालकी नंतर पूर्ववत केली तरी त्या खुणा परत येत नाहीत. डिस्क 'नोसुइड' या पर्यायाने जोडली असेल, तर खुणा दिसतात, परंतु त्यांचा अंमल होत नाही. ग्रुपची नोंद अचूक असूनही यंत्रणा उठत नसेल, तर हे दोन्ही पाहणे आवश्यक ठरते.

विंडोजवरील निराळी तऱ्हा

विंडोजवरही 'एमक्यूएम' नावाचा स्थानिक ग्रुप तयार होतो आणि सेवा चालविण्यासाठी एक खास खाते निर्माण केले जाते. अडचण येते ती कंपनीचे युजर डोमेनमध्ये असतात तेव्हा. अमुक युजर तमुक ग्रुपमध्ये आहे काय, असे डोमेनला विचारण्याचा अधिकारच स्थानिक खात्याला नसतो. प्रश्न विचारता येत नाही, म्हणून उत्तर मिळत नाही आणि उत्तर नाही म्हणून नकार. अशा ठिकाणी डोमेन प्रशासकाकडून ग्रुपांची सभासदत्वे वाचण्याचा अधिकार असलेले खाते तयार करून घ्यावे लागते. दुसरे असे की, युजर अॅडमिनिस्ट्रेटर असला तरी साध्या कमांड प्रॉम्प्टमधून दिलेली आज्ञा नाकारली जाऊ शकते. 'प्रशासक म्हणून चालवा' हा पर्याय निवडून तो उघडावा लागतो.

रॅबिटएमक्यू आणि काफ्का

नव्या पिढीच्या मिडलवेअरमध्ये ग्रुपची तपासणी इतकी कडक नसते, पण मालकीची चूक तितकीच महागात पडते. नेहमीचा घोटाळा असा. सेवा चालू होत नाही म्हणून तंत्रज्ञ ती एकदा रूटच्या खात्यातून हाताने चालू करून पाहतो. ती चालते. त्या अवधीत तयार झालेल्या फाइली मात्र रूटच्या मालकीच्या होतात. पुढच्या वेळी सेवा आपल्या नेहमीच्या 'रॅबिटएमक्यू' किंवा 'काफ्का' या युजरने उठू पाहते, तेव्हा तिला स्वतःच्याच फाइलींत लिहिता येत नाही. मूळ दोष एक होता, आता दोन झाले.

रॅबिटएमक्यूमध्ये 'एर्लँग कुकी' नावाची एक लहानशी फाइल असते. रॅबिटएमक्यूचे सर्व्हर एकमेकांना तिच्या आधाराने ओळखतात. ही फाइल मालकाखेरीज दुसऱ्या कोणाला वाचता येत असेल, तर सॉफ्टवेअर सुरू होण्यास स्पष्ट नकार देते. परवानगी कमी पडली म्हणून अडणारी यंत्रणा सर्वांना माहीत असते. परवानगी जास्त झाली म्हणून अडणारे हे उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आधुनिक लिनक्सवर या सेवा 'सिस्टिमडी' या व्यवस्थापकामार्फत चालू होतात. सेवेच्या फाइलमध्ये युजर आणि ग्रुप यांची नावे लिहिलेली असतात. त्यांपैकी ग्रुप सापडला नाही तर २१६ आणि युजर सापडला नाही तर २१७ हा समाप्तिक्रमांक दिसतो. हे क्रमांक दिसले म्हणजे मिडलवेअरपर्यंत गोष्ट पोहोचलेलीच नाही, हे समजून त्याच्या लॉगमध्ये वेळ घालवू नये.

कंटेनरच्या पद्धतीत प्रश्नाचे रूप पुन्हा बदलते. रेड हॅटच्या ओपनशिफ्टसारख्या व्यवस्थेत कंटेनरला सामान्यतः एक आयत्या वेळी ठरविलेला युजर-क्रमांक मिळतो आणि ग्रुप शून्य क्रमांकाचा असतो. ठरावीक नावाचा युजर असणारच, असे गृहीत धरून बांधलेले सॉफ्टवेअर तेथे अडखळते.

तपासाचा क्रम

या दोषाचा तपास अंदाजाने न करता क्रमाने केल्यास फार वेळ लागत नाही. प्रथम संदेशाचा क्रमांक जसाच्या तसा लिहून घ्यावा. 'परमिशनचा काहीतरी एरर आहे' एवढ्यावर कोणतीही दुरुस्ती सुरू करू नये.

नंतर आज्ञा देणारी प्रक्रिया कोण आहे हे पाहावे. लिनक्समध्ये 'आयडी' ही आज्ञा नुसती दिली तर चालू सत्राला प्रत्यक्षात मिळालेले ग्रुप दिसतात. तिच्यापुढे युजरचे नाव लिहिले तर नोंदवहीतील ग्रुप दिसतात. दोन उत्तरे एकसारखी असावयास हवीत. नोंदवहीत एमक्यूएम आहे, पण सत्रात नाही, असे आढळल्यास सत्र जुने आहे. सत्रात आहे, पण नोंदवहीत नाही, असे आढळल्यास सभासदत्व नुकतेच गेले आहे आणि पुढचा रीस्टार्ट अडणार आहे. ही तुलना करायला अर्धा मिनिट पुरतो.

तिसरी पायरी ग्रुपची. 'गेटएंट' या आज्ञेने ग्रुपचा क्रमांक आणि सभासद पाहता येतात. स्थानिक आणि मध्यवर्ती अशा दोन्ही नोंदवह्या ती ठरलेल्या क्रमाने वाचते. सामायिक डिस्क असल्यास दोन्ही सर्व्हरांवरील क्रमांक ताडून पाहावेत. चौथ्या पायरीवर फाइलींची मालकी, परवानग्या आणि त्या दोन खुणा तपासाव्यात. आरपीएम पद्धतीने बसविलेल्या सॉफ्टवेअरची मूळ मालकी आणि परवानग्या कोणत्या होत्या, हे पॅकेज पडताळणीच्या आज्ञेने कळते. त्यामुळे आठवणीवर विसंबण्याची गरज राहत नाही. शेवटी दोषनोंदी वाचाव्यात. एमक्यूमध्ये सर्वसाधारण नोंदी एका निर्देशिकेत आणि प्रत्येक क्यू मॅनेजरच्या नोंदी त्याच्या स्वतंत्र निर्देशिकेत असतात. नवी नोंदच झालेली नसेल, तर लॉगच्या निर्देशिकेत लिहिण्याचाही अधिकार नाही काय, अशी शंका घ्यावी.

सोपा उपाय, महाग परिणाम

रात्री दोन वाजता, वरिष्ठांचे फोन येत असताना, तीन उपाय मोहात पाडतात. पहिला, सर्व फाइलींना '७७७' ही परवानगी देणे, म्हणजे कोणीही वाचावे, कोणीही लिहावे. दुसरा, जो कोणी तक्रार करील त्याला एमक्यूएम ग्रुपमध्ये घेणे. तिसरा, सारे काही रूटच्या खात्यातून चालविणे. तिन्हींनी यंत्रणा बहुधा चालू होते. म्हणूनच ते धोक्याचे आहेत.

एमक्यूएम ग्रुपचा सभासद हा त्या सर्व्हरवरील प्रत्येक क्यू मॅनेजरचा पूर्ण प्रशासक असतो. रांगेतील निरोप वाचणे, काढून टाकणे, नवा निरोप घालणे, रांगच नष्ट करणे, हे सारे त्याला शक्य होते. निरोप हा पैसे देण्याचा आदेश असेल, तर या अधिकाराचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही. टपालघर उघडण्यासाठी एका माणसाला किल्ली हवी होती. तिच्या प्रती गावभर वाटल्या, असा हा प्रकार होतो. म्हणूनच एमक्यूच्या ७.१ या २०११ च्या आवृत्तीपासून नेटवर्कवरून येणाऱ्या प्रशासकीय ओळखीच्या युजरला नव्या क्यू मॅनेजरवर आपोआप मज्जाव केलेला असतो. ग्रुपचे सभासदत्व सैलपणे वाटले जाते, हे निर्मात्यांनीही गृहीत धरलेले दिसते.

ग्रुपच्या आधारे अधिकार देण्याचा आणखी एक अनपेक्षित परिणाम आहे. युनिक्स आणि लिनक्सवर २०१४ च्या आठव्या आवृत्तीपूर्वी एमक्यूमध्ये एखाद्या युजरच्या नावाने दिलेला अधिकार प्रत्यक्षात त्याच्या प्राथमिक ग्रुपला मिळत असे. त्या युजरचा प्राथमिक ग्रुप 'स्टाफ' किंवा 'युजर्स' असा सर्वसाधारण असला, तर एकाला दिलेला अधिकार त्या ग्रुपमधील सर्वांना मिळे आणि देणाऱ्याला त्याची कल्पनाही नसे. आठव्या आवृत्तीपासून व्यक्तिगत अधिकाराचा पर्याय आला. तथापि ग्रुपचे धोरण हाच तेथील मूळ पायंडा आहे.

सवड उरलेली नाही

पूर्वी अशा चुका निस्तरण्यासाठी रात्रीची आणि सुट्टीची सवड मिळत असे. आता ती राहिलेली नाही. रिझर्व्ह बँकेने एनईएफटीची सेवा १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएसची सेवा १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, वर्षाचे सर्व दिवस उपलब्ध केली. ग्राहक मध्यरात्री आणि दिवाळीतही पैसे पाठवितो. बँकांच्या अंतर्गत प्रणालींना आणि त्यांच्यामधील निरोपवाहकांना त्याच गतीने चालावे लागते. रीस्टार्टच्या वेळी उघडकीला येणारा दोष म्हणूनच रीस्टार्टच्या आधी शोधणे भाग आहे.

त्यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. मिडलवेअरचा युजर आणि ग्रुप कोणत्या क्रमांकाचे आहेत, प्रत्येक सर्व्हरवर ते तेच आहेत काय आणि ग्रुपमध्ये कोण कोण आहेत, याची लेखी नोंद ठेवावी. ती ठरावीक काळाने प्रत्यक्षाशी ताडून पाहावी. नोकरी सोडून गेलेल्या किंवा काम बदललेल्या माणसाचे नाव ग्रुपमधून काढावे. मात्र त्याच्या खात्यातून एखादी सेवा आपोआप चालू होत नाही ना, हे आधी तपासावे. सेवांसाठी व्यक्तींची खाती न वापरता स्वतंत्र खाती ठेवावीत. ग्रुपमध्ये कोणताही बदल केला की त्याच आठवड्यात, माणसे हजर असताना, एकदा रीस्टार्ट करून पाहावा. दुसऱ्या सर्व्हरकडे काम सोपविण्याची तालीमही त्याच वेळी करावी.

'अधिकार नाही' हा संदेश वाचून तंत्रज्ञाला सॉफ्टवेअरचा राग येतो. वास्तविक त्या क्षणी सॉफ्टवेअर आपले कर्तव्य बजावीत असते. अनोळखी हाताला इतरांचे निरोप सोपवायचे नाहीत, एवढे ते पाळते. प्रश्न असा असतो की, तो हात खरोखर अनोळखी आहे, की आपलाच माणूस नोंदवहीत लिहायचा राहून गेला आहे. पहिल्या स्थितीत नकार योग्य असतो आणि दुसऱ्या स्थितीत नोंद सुधारली की काम होते. पहारा उठविण्याची वेळ दोहोंपैकी कोणत्याही स्थितीत येत नाही.